अचानक नाव झालेला रॅपर, त्याची मैत्रीण आणि संशय

प्रश्न: ताई, मी २२ वर्षांचा आहे. उल्हासनगरला राहतो, मराठी-हिंदीत रॅप करतो. गेल्या वर्षी माझं एक गाणं रीलवर चाललं आणि बघता बघता सगळं बदललं. शो मिळतात, मॅनेजर आहे, रोज अनोळखी मुलींचे मेसेज येतात. माझी मैत्रीण चार वर्षांपासून सोबत आहे, मध्यंतरी तिला स्टाफ नर्सची नोकरी लागली. गाण्याला १० लाख व्ह्यूज झाले तेव्हा ती फक्त 'छान' म्हणाली. क्रूमधली पोरं म्हणतात, ती आता तुझ्या नावासाठी टिकून आहे. म्हणून मी खोटं अकाउंट काढलं, म्युझिक प्रोड्यूसर आहे असं भासवून तिला मेसेज केले. तिनं दोन-तीनदा उत्तर दिलं. नंतर तिला कळलं की तो मीच होतो. त्याआधी एका गाण्यात मी तिच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावरून लोकांनी तिचं अकाउंट शोधून काढलं आणि तिच्या भावाला सगळं कळलं. आता ती बोलत नाही. कोण माझ्यासाठी आहे आणि कोण नावासाठी, हे ओळखायचं कसं? हे नातं ठेवू की सोडू?

उत्तर: आधी त्या खोट्या अकाउंटबद्दल बोलू. तिनं उत्तर दिलं याचा अर्थ एवढाच की एका अनोळखी माणसानं नीट विचारलं आणि तिनं नीट उत्तर दिलं. समजा तिनं उत्तर दिलंच नसतं, तर तुझं समाधान झालं असतं का? माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांमध्ये अशी परीक्षा घेणारे पुष्कळ असतात, आणि समोरचं माणूस पास झालं म्हणून संशय मिटला, असं मी कधी पाहिलेलं नाही. तिला शंका आली असेल म्हणून सावध राहिली, दुसऱ्या कुणाला दिलं असतं उत्तर, असे नवे फाटे फुटत जातात आणि पुढची परीक्षा आणखी कठीण निघते. तिला काय दुखलं असेल तेही बघ. चार वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्यानंच दुसऱ्याच्या नावानं तिच्याशी गोड बोलून पाहिलं. आता तुझा खरा मेसेज आला तरी क्षणभर तिच्या मनात येईल, हा नक्की कोण बोलतोय?

हे तू का केलंस ते मला कळतं, आणि त्यासाठी मी तुला वाईट मुलगा ठरवणार नाही. रॅपरची प्रसिद्धी वेगळ्या वाटेनं येते. सिनेमाचा पार्श्वगायक आणि ऐकणारे यांच्यामध्ये संगीतकार असतो, कंपनी असते, पडद्यावरचा नट असतो. नाव व्हायला वर्षं जातात, त्या वर्षांत त्याला आणि घरच्यांना थोडी सवय होते. रॅपर आणि ऐकणारे यांच्यामध्ये कुणीच नसतं. कुर्ल्याचा रॅपर नेझी यानं २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं केलं ते आयपॅड हाताशी घेऊन. २०१५ मध्ये रॅपर डिव्हाइनबरोबर त्याचं 'मेरे गली में' आलं, २०१९ मध्ये 'गली बॉय' सिनेमा आला, त्याच वर्षी टीव्हीवर रॅपची स्पर्धा सुरू झाली, आणि २०२३ मध्ये पुण्याचा एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला. तुझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं की वस्तीतून थेट मंचावर जाता येतं. येतंच. पण मधे कुठं दम खायला जागा नाही. गाणं लाखोंनी ऐकलं तरी तू झोपतोस त्याच खोलीत, आणि आईचा फोन ज्या मोबाइलवर येतो त्याच मोबाइलवर हजारो अनोळखी माणसं तुझ्याशी सलगीनं बोलतात.

डोना रॉकवेल आणि डेव्हिड जाइल्स या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या १५ नामवंतांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या होत्या. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या क्षेत्रांतली ती माणसं, पण एकटेपणा आणि अविश्वास या दोन गोष्टी त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतात. जवळ येणारं माणूस माझ्यासाठी येतंय की माझ्या नावासाठी, हा तुझा प्रश्न त्यांनाही पडलेला होता. तेव्हा तुझ्या डोक्यात काही बिघाड झालाय असं समजू नकोस. नाव झालं की हा प्रश्न पडतोच.

माझी हरकत आहे ती हा प्रश्न तू कुणाला लावलास यावर. हजारो अनोळखी लोकांची पारख करणं तुझ्या हातात नाही. मग मनातला सगळा संशय हाताशी असलेल्या एकाच माणसावर निघतो. नाव झाल्यानंतर मोडलेल्या ज्या नात्यांशी माझा संबंध आला, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मला हेच दिसलं. लोकांना वाटतं, मुलाला दुसऱ्या मुली मिळाल्या म्हणून तुटलं. तसंही होतं. पण पुष्कळदा दुसरी कुणी नसतेच. नव्या माणसांची भीती जुन्या माणसावर काढली जाते आणि जुनं माणूस एक दिवस थकून जातं. साधा हिशोब कर. तुझं नाव होऊन एक वर्ष झालं, ती चार वर्षं सोबत आहे. आधीची तीन वर्षं ती कशासाठी होती?

क्रूमधल्या पोरांबद्दलही सांगते. ती तुझी शत्रू नाहीत. पण तू पुढं निघून गेलास तर आपलं काय, ही धाकधूक त्यांनाही आहे, आणि 'भाई, तिच्यापासून सांभाळून' असं सांगणाऱ्याची तुझ्याजवळची जागा पक्की होते. हे ते ठरवून करत नसतील. तरीही तुझ्या मैत्रिणीबद्दलचं मत तिला कधी नीट न भेटलेल्या पोरांकडून घेऊ नकोस.

आता विश्वासाचं. कॅनडातल्या जॉन रेम्पेल, जॉन होम्स आणि मार्क झॅना यांनी १९८५ मध्ये मांडलं की जवळच्या नात्यातला विश्वास तीन थरांचा असतो. पहिला अंदाजाचा: हा माणूस कधी काय करेल ते साधारण ठाऊक असतं. दुसरा भरवशाचा: अडचणीत हा उभा राहतो, हे अनुभवानं कळलेलं असतं. तिसरा श्रद्धेचा: पुढं काय होईल ते माहीत नाही, तरी हा माझं वाईट करणार नाही. प्रसिद्धीचा पहिला घाव बसतो तो सगळ्यात खालच्या, अंदाजाच्या थरावर. पूर्वी तू संध्याकाळी स्टेशनवर भेटायचास, आता पहाटे तीनपर्यंत स्टुडिओत असतोस आणि तिची मॉर्निंग ड्यूटी सकाळी लवकर सुरू होते. तुझे शो शनिवार-रविवारी, तिची सुट्टी रोस्टरप्रमाणे मधल्याच एखाद्या वारी. तू कुठं आहेस हे तिला दुसऱ्या कुणाच्या स्टोरीतून कळतं. कधी तुझा फोन मॅनेजर उचलतो. यात बेइमानी कुठंच नाही, पण अंदाज गेला. आणि अंदाज गेला की माणूस 'तू बदललास' म्हणतं. ते तू आरोप म्हणून ऐकतोस. बहुतेकदा ती फक्त दिसतंय ते सांगत असते.

इथं मोठ्या शपथा कामाच्या नाहीत. पाळता येईल असं छोटं काहीतरी ठरवावं लागतं. तिचा रोस्टर तुझ्या फोनमध्ये असावा आणि तुझ्या शोच्या तारखा तिच्याकडे, मॅनेजरला कळतात त्याच दिवशी. शो संपल्यावर पोस्ट टाकण्याआधी तिला एक मेसेज. तिचा फोन मॅनेजरनं उचलायचा नाही. ऐकायला हे फार किरकोळ वाटेल, पण हा थर असाच भरतो. एकमेकांचे पासवर्ड घेणं, लोकेशन चालू ठेवायला लावणं यानं मात्र तो भरत नाही. पहारा असेपर्यंत कुणी काही करत नाही, एवढंच त्यातून कळतं.

तिच्या 'छान'कडे येते. शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात जोडप्यांचा अभ्यास करून दाखवलं की जोडीदाराच्या आनंदाच्या बातमीला आपण कसा प्रतिसाद देतो, यावर नात्याची तब्येत फार अवलंबून असते. दुःखात तर सगळेच धावतात. आनंदात मनापासून 'कसं झालं, सगळं सांग' असं विचारणं जास्त दुर्मीळ. तेव्हा ते कोरडं 'छान' तुला लागलं, यात तुझं काही चुकलं नाही. ते का कोरडं होतं हे मात्र तू विचारलेलं दिसत नाहीस. हेवा वाटला असेल, किंवा भीती वाटली असेल की हा आकडा याला माझ्यापासून लांब नेणार. कदाचित नाइट ड्यूटी करून आली असेल. आणि तुझं पत्र पुन्हा वाच. व्ह्यूजबद्दल तू आकडा लिहिलास. तिच्या नोकरीबद्दल 'मध्यंतरी लागली' एवढंच, अर्धं वाक्य. नर्सिंगचा अभ्यासक्रम, वॉर्डमधली ड्यूटी, परीक्षा, नोंदणी, हे सगळं करून ती उभी राहिली. तिच्या घरात ती बातमी तुझ्या १० लाखांएवढीच मोठी असेल. त्या दिवशी तू काय म्हणाला होतास, आठवून बघ.

आता त्या चार ओळी. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

रॅपमध्ये खरं बोलण्याला मान आहे. स्वतः जगलेलं लिहिलं नाही तर पोरं 'फेक' म्हणतात. त्यामुळे घर, बाप, उधारी, प्रेम, सगळं वहीत उतरतं आणि त्यातूनच चांगलं गाणंही होतं. पण तू जगलेल्या प्रेमातलं निम्मं तिचं आहे, आणि त्या निम्म्याची परवानगी तू घेतली नाहीस. शिवाय गाण्याचे परिणाम दोघांना सारखे होत नाहीत. त्या ओळींमुळे तुला टाळ्या मिळाल्या. तिचं अकाउंट शोधलं गेलं, अनोळखी पोरांनी तिला काय काय लिहिलं असेल ते तू कदाचित पाहिलेलंही नसेल, आणि भावाला कळलं. आपल्याकडे मुलीच्या घरी प्रेम कळणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. बाहेर जाणं बंद होतं, फोन काढून घेतला जातो, घाईघाईनं स्थळं बघायला सुरुवात होते. जात किंवा धर्म वेगळा असेल तर मारहाणीपर्यंत जातं. मुलाला मित्र शाबासकी देतात, मुलीची नोकरी पणाला लागते. ती बोलत नाही याचा अर्थ ती रुसली असाच घेऊ नकोस. तिला बोलू दिलं जातंय का, हे आधी बघायला हवं. दोघांच्या विश्वासातली एखादी मैत्रीण किंवा तिची मोठी बहीण असेल तर तिच्याकडून विचार, सुरक्षित आहेस का, काही मदत हवी आहे का. थेट घरी जाऊन उभा राहू नकोस आणि तिच्या हॉस्पिटलच्या गेटवर तर मुळीच नाही, कारण तू आता ओळखला जातोस.

त्या गाण्याचंही आजच बघ. कमेंटमध्ये तिचं नाव किंवा अकाउंट आलेलं असेल तर काढ, गरज पडली तर कमेंट बंद कर. व्हिडिओतला तेवढा तुकडा कापता येतो का, आवाज बंद करता येतो का, ते चॅनल सांभाळणाऱ्याला विचार. व्ह्यूज कमी होतील म्हणून कुणी नको म्हणेल, तिथं ठाम राहा.

पुढच्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या कलाकारांना मी एकच सांगते: जिच्यावर लिहिलं आहे, तिला रेकॉर्डिंगच्या आधी ऐकवायचं. रिलीजच्या आदल्या रात्री ऐकवणं म्हणजे विचारणं नव्हे, कारण तेव्हा 'नाही' म्हणायला जागाच उरत नाही. नाव, लाडाचं नाव, बिल्डिंग, कामाची जागा, चेहरा, चॅटचा स्क्रीनशॉट यांतलं काहीही तिच्या होकाराशिवाय बाहेर जायचं नाही. तपशील बदलल्यानं भावना खोटी होत नाही. आणि हे नातं तुटलंच, तर तिच्यावर डिस, म्हणजे नाव घेऊन उणंदुणं काढणारं रॅप, लिहू नकोस. क्रू भरीस घालेल, ऐकणारे मागणी करतील, कदाचित ते गाणं सगळ्यात जास्त चालेलसुद्धा. पण दुसऱ्या रॅपरवर डिस केलास तर त्याच्या हातात माइक असतो, तो उलट उत्तर देतो. तिच्याकडे माइक नाही. तुझे लाखो ऐकणारे एका मुलीच्या मागं लावणं हा हल्ला आहे, त्याला कला म्हणू नकोस.

याच ओघात एक कायद्याची गोष्ट. तुमच्या दोघांचे खासगी फोटो कुणी पसरवायची धमकी देत असेल, तर घाबरून पैसे देऊ नका. एखाद्या स्त्रीनं खासगी क्षणाचा फोटो काढू दिला असला, तरी तो पसरवायला तिची संमती नसेल तर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविरुद्धच्या अशा तक्रारी नाव न सांगताही करता येतात. हे तिलाही माहीत असू दे.

मेसेज करणाऱ्या मुलींबद्दल. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोघांनी लिहिलं होतं की टीव्ही-रेडिओवरच्या माणसाशी आपली खरी ओळख आहे, अशी जवळीक प्रेक्षकाला वाटू लागते. त्या माणसाला प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. रॅपमध्ये हे जास्तच होतं, कारण तू 'मी' म्हणून बोलतोस, कानात, रात्री, एकट्या ऐकणाऱ्याशी. त्या मुलीची भावना खरी असते, पण तिला माहीत असलेला तू म्हणजे तीन मिनिटांचा तू. आईवर चिडणारा, हप्ता थकलेला, घाबरलेला तू तिला ठाऊक नाहीस. त्या मेसेजमधून मिळते ती ऊब लगेच मिळते आणि बदल्यात काही मागत नाही, म्हणून घरच्या नात्यापेक्षा सोपी वाटते. थकलेल्या रात्री हा फरक विसरला जातो, तेव्हा तरी आठव. दुसरं, तुझ्या ऐकणाऱ्यांत शाळकरी मुली भरपूर असणार. १८ वर्षांखालच्या मुलीनं हो म्हटलं तरी कायदा तो होकार मानत नाही. वय विचारून, खात्री करून, आणि शंका असली तर सरळ लांब राहायचं. यात तडजोड नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. नाव आधी येतं, पैसा नंतर येतो, कधी येतही नाही. चॅनल लेबलचं, म्हणजे म्युझिक कंपनीचं असेल तर व्ह्यूजचे पैसे आधी लेबलकडे जातात, शोच्या रकमेतून मॅनेजर, डीजे, प्रवास वजा होतो. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना आणि जोडीदाराला वाटतं की हा लपवतोय. कागद दाखव, गैरसमज तिथंच संपेल. आणि 'भाई, विश्वास ठेव' असं म्हणून कुणी करार पुढं केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार म्हणून रॉयल्टीतला तुझा वाटा कायद्यानं राखलेला आहे, तो लेबलला लिहून देता येत नाही. जिथं कागद लागतो तिथं तू माणसावर विसंबतोस आणि जिथं माणसावर विसंबायचं तिथं पुरावा मागतोस, हे या वयात नाव झालेल्या बऱ्याच मुलांचं होतं.

कोण तुझ्यासाठी आणि कोण नावासाठी? यापुढं भेटणाऱ्या कुणालाही तू आणि तुझं नाव वेगळं करून बघता येणार नाही. नाव आता तुझाच भाग आहे, आणि त्याचं आकर्षण वाटणं हा गुन्हा नाही. म्हणून परीक्षा घेण्यापेक्षा वेळ जाऊ दे आणि बघत राहा. तू एखाद्या गोष्टीला नाही म्हणालास की ते माणूस कसं वागतं? शो नसलेल्या मंगळवारी, तुझ्या घरी, तुझ्या आईसमोर ते कसं असतं? तुमच्या भेटीची गोष्ट जगाला सांगायची त्याला घाई आहे का? तू चुकलास तर तोंडावर सांगतं का? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण नाव झाल्यावर तोंडावर सांगणारी माणसं झपाट्यानं कमी होतात. तुझी मैत्रीण 'तू बदललास' म्हणाली असेल, तर सध्या ते सांगणारी ती एकटीच असू शकते.

नातं ठेवायचं की सोडायचं, हे आता तुझ्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही. दोन ठिकाणी तिचा विश्वास मोडलाय. बोलायची संधी मिळाली तर दोन्हीची माफी वेगवेगळी माग: अकाउंटची आणि गाण्याची. 'पण तूही उत्तर दिलंस ना' हे वाक्य त्यात येऊ देऊ नकोस. 'पोरांनी सांगितलं म्हणून' हेही नको. काय केलं, त्यानं तिचं काय झालं असं तुला वाटतं, आणि यापुढं काय करणार नाहीस, एवढंच बोल. मग तिला हवा तेवढा वेळ दे, आणि त्या वेळात तिच्यासाठी गाणं काढू नकोस, स्टोरीतून इशारे देऊ नकोस. ती नाही म्हणाली तर ते नाही मान. हो म्हणाली, तर पहिले काही महिने ती प्रश्न विचारेल, तुला वाटेल किती वेळा तेच. तितक्या वेळा उत्तर द्यायची तयारी असेल तरच पुढं जा.

झोप उडाली असेल, रोज प्यावं लागत असेल, तिचा किंवा कुणाचाही फोन तपासल्याशिवाय चैन पडत नसेल, तर एकट्यानं ओढत बसू नकोस. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ती तयार असेल तर जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे दोघं जा, तिच्या रोस्टरच्या सुट्टीच्या दिवसाची वेळ घ्या, आणि मॅनेजरला त्या तारखेला शो घेऊ नको म्हणून आधीच सांगून ठेव.